गुरुवारची शाल

भूक नसलेला माणूस ताट सरकवतो, कुत्रा तोंड फिरवतो. सरडा यातले काहीच करत नाही. तो अन्नाकडे बघतो, बराच वेळ बघतो, आणि मग एक डोळा मिटून घेतो. दुसरा उघडाच असतो. आमच्या घरातल्या सरड्याने दिवाळीनंतरच्या थंडीत पहिल्यांदा असा डोळा मिटला, तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. पुढे तो रोजच अन्नासमोर डोळा मिटू लागला आणि गमतीची जागा कुतूहलाने घेतली. काळजी त्याच्या मागोमाग आली.

हा सरडा आमचा नव्हता, आमच्या मुलीचा होता. ती आमच्याच चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. ऐन उन्हाळ्यात तिला प्रशिक्षणासाठी जर्मनीला जावे लागले, ती संक्रांतीनंतर परतणार होती. जाताना तिने काचेची मोठी पेटी, उष्णता देणारा दिवा, एक लांब चिमटा आणि पेटीत बसलेला हा हातभर लांबीचा प्राणी आमच्या स्वाधीन केला. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा सरडा गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो तेव्हा ती दाढीसारखी दिसते, म्हणून त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. परदेशी जातीचा प्राणी पाळायचा तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तो कागद मी मुलीकडून मागून घेतला, नीट वाचला, आणि मगच पेटीला घरात जागा दिली. राजगुरुनगरच्या एका माध्यमिक शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे. आधी वाचावे आणि मग सही करावी, ही सवय निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

माझी पत्नी खेड तालुक्यातल्याच एका गावची. एरवी ती माझ्यासारखेच बोलते, पण जीव गुंतला की तिच्या तोंडी माहेरची भाषा येते. मुलीने सरड्याला एक सुंदर नाव ठेवले होते. पत्नीने ते कधीही उच्चारले नाही. ती त्याला ‘पाव्हणं’ म्हणे. आज ना उद्या जायचे आहे, हे त्याच्या आणि आमच्याही लक्षात राहावे म्हणून. मुलीला ती फोनवर दर दोन-चार दिवसांनी बजावी, की आलीस म्हणजे ने बाई एकदाचे.

त्याच्यासाठी तिने दोन नियम घातले होते. पहिला असा, की त्याच्या खाण्यातले किडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. हे किडे म्हणजे रातकिडे. पिंपरी कॅम्पात मासे आणि पक्षी विकणारे एक दुकान आहे, तिथून मी ते जाळीच्या डब्यात आणत असे आणि गॅलरीत ठेवत असे. दुसरा नियम गुरुवारचा. पत्नी कितीतरी वर्षे गुरुवार पाळते, आणि त्या दिवशी घरात कोणाच्याही पोटासाठी जीव जाऊ नये असे तिचे म्हणणे. मला ते अवघड वाटले नाही. ही जात किड्यांबरोबर पालाही खाते. गुरुवारी शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि जास्वंदीचे फूल. पालक मात्र रोज देऊ नये, त्यातल्या आम्लामुळे अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि सरड्याची हाडे मऊ पडतात. गुरुवारचे किडे बुडतात म्हणून मी ते बुधवारी संध्याकाळच्या खाण्यात मिळवू लागलो. बुधवारी सरड्याचे जेवण दुप्पट होई. ही वाटणी आम्हा दोघांनाही न्याय्य वाटली होती.

उन्हाळा आणि पावसाळा त्याने मजेत काढला. चपळ होता. पेटीजवळ कोणी गेले की पुढचा एक पाय उचलून हवेत हळूच गोल फिरवी. ‘मी लहान आहे, मला काही करू नका’ असा त्या हालचालीचा अर्थ असतो, हे मी पत्नीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि सरड्याला उत्तरादाखल हात करून ‘राम राम’ म्हणाली.

मग थंडी पडली, आणि तो डोळा मिटू लागला.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे की एका लक्षणाला एकच कारण चिकटवण्याची घाई करू नये. आधी सगळी शक्य कारणे समोर मांडावीत आणि एकेक खोडत जावे. त्याप्रमाणे मी सुरुवात केली. कात टाकताना सरडे खात नाहीत. पण त्याची कात नुकतीच निघाली होती, अंग स्वच्छ आणि तकतकीत होते. थंडीत ही जात सुस्तावते आणि आठवडेच्या आठवडे कमी खाते, हेही खरे. मुलीनेही फोनवर हेच सुचवले. पण सुस्तावलेला सरडा झोपतो आणि त्याचे वजन फारसे उतरत नाही. हा झोपत नव्हता आणि उतरत मात्र होता. शेपटीच्या मुळाशी मांस कमी होऊन हाडाचा उंचवटा दिसू लागला होता. गळ्याची दाढी अधूनमधून काळी पडे, हे त्याच्या त्रासाचे चिन्ह. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याला ठेवायला पत्नीने हरकत घेतली, म्हणून मी दुसरा काटा आणला.

“डाळ मोजायचा नको, ठीक,” ती म्हणाली, “पण रोज मोजून वजन वाढतं का हो?”

उरले जंत. जंतांसाठी विष्ठा तपासावी लागते, आणि जो खात नाही तो विष्ठा कुठून देणार? पिंपरीत एक पशुवैद्य बाई सरडे, कासवे आणि पोपट यांवर उपचार करतात असे कळले होते. त्यांनी फोनवर सोपा उपाय सांगितला. सरड्याला कोमट पाण्यात थोडा वेळ बसवायचे. पाणी त्याच्या खांद्याखालीच राहावे, आणि आपण तिथून हलू नये. कपडे भिजवायची जुनी बादली खोल होती म्हणून पत्नीने आढेवेढे घेत एक पसरट प्लॅस्टिकची पाटी काढून दिली. मी कोपर बुडवून पाणी पाहिले, तान्ह्या बाळाचे पाहतात तसे. तो पाण्यात उतरला, पोट फुगवून तरंगला आणि पेटीतल्या दगडावर कधी दिसला नव्हता इतका समाधानी दिसला. पत्नी दारात उभी होती. थोड्या वेळाने तिथूनच ती म्हणाली, “झालं बघा पाव्हण्याचं.” तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी आमच्या मुलीच्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता.

असा नमुना वाळू देऊ नये, उन्हात ठेवू नये आणि शक्य तितक्या लवकर पोचवावा. गोळ्यांची एक रिकामी डबी धुऊन ठेवली होती, तिच्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी तो ठेवला आणि मी चाकणहून भोसरीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. डबी कलू नये म्हणून दोन्ही हातांत धरली होती. शेजारी कंपनीच्या गणवेशातले एक गृहस्थ होते, पाळी संपवून घरी निघालेले. त्यांनी बराच वेळ डबीकडे पाहिले.

“काका, पेढे कसले?”

मी खरे ते सांगितले. पाळलेल्या सरड्याची विष्ठा आहे, जंत आहेत का ते तपासायला नेतो आहे. ते लगेच पलीकडच्या माणसाला म्हणाले, “भाऊ, जरा सरका तिकडं.” पण त्यांचे कुतूहल जागे झाले होते. चावतो का, नर की मादी, ओळखतो का, रंग बदलतो का, असे त्यांचे प्रश्न भोसरीपर्यंत चालले, आणि मी उत्तरे देत राहिलो. उतरताना ते डबीलाच उद्देशून बोलावे तसे म्हणाले, “होईल बरं तुमचं लेकरू.” मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

पशुवैद्य बाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. मी विज्ञानाचा शिक्षक आहे हे कळल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. काचपट्टीवर फिकट पिवळ्या पसाऱ्यात काही लांबट अंडी दिसत होती. एक बाजू फुगीर, दुसरी किंचित चपटी, आणि कवच इतके रेखीव की कोणी बारीक पेन्सिलीने काढले असावे. शाळेत कांद्याची साल आणि तळ्याचे पाणी दाखवण्यात माझी हयात गेली. हे मात्र मी प्रथमच पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर क्षणभर सरड्याचा आजार विसरून मी नुसता पाहतच राहिलो.

“म्हणजे कारण सापडलं,” मी म्हणालो.

“सर, जंत सापडले,” त्या म्हणाल्या. “कारण सापडलं असं नाही. हे जंत थोड्याफार प्रमाणात बहुतेक पाळीव सरड्यांच्या पोटात असतात, रातकिड्यांमधूनही येतात. निरोगी सरडा त्यांना घेऊन सुखाने जगतो. याच्यात ते एवढे वाढले कशामुळे, ते शोधायचंय.”

त्यांनी औषध दिले. ते किती आणि केव्हा द्यायचे हे सरड्याचे वजन पाहून वैद्यानेच ठरवायचे असते. माणसांचे किंवा कुत्र्याचे औषध अंदाजाने दिले तर जंतांआधी सरडा जायचा. पेटीतला कागद रोज बदलायला सांगितला, न खाल्लेले किडे रात्री आत राहू द्यायचे नाहीत, कारण भुकेले रातकिडे सरड्यालाच चावतात. अशक्तपणासाठी सिरिंजने तोंडात घालायचे एक पातळ खाद्यही दिले. शेवटी त्यांनी विचारले, दिवा दिवसभर चालू असतो ना? तापमान पाहता ना?

मी थोड्या अभिमानानेच सांगितले, की दिव्याखालच्या दगडावर तापमापक आहे, तो मी सकाळी आणि संध्याकाळी स्वतः वाचतो, आणि तो कधी अडतीस-चाळीसच्या खाली दिसलेला नाही. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज गेल्याचे आम्हाला कळतही नाही. त्यांनी मान हलवली. तो प्रश्न तिथेच मिटला.

औषध पाजणे हे दोन माणसांचे काम होते. पत्नीने पदर हाताभोवती गुंडाळून त्याला धरले. कातडीला थेट हात लागू नये म्हणून पदर, असे तिचे म्हणणे. मी ओठाच्या कडेला थेंब सोडायचा आणि तो जीभ काढून चाटायचा. दोन-तीन दिवसांनी पाहिले तर पदर खांद्यावर होता आणि सरडा नुसत्या तळहातावर. सिरिंजने खाऊ घालताना ती त्याला “आ कर, आ” म्हणे आणि स्वतःही तोंड उघडी. त्या पातळ खाद्यात किड्यांची भुकटी होती, म्हणून गुरुवार त्यातूनही वगळला गेला, आणि गुरुवारचा वाटा आम्ही पूर्वीसारखाच बुधवारी संध्याकाळी त्याच्या पोटात घालत राहिलो.

औषधाचा पुढचा हप्ताही झाला. पुन्हा नमुना घेऊन मी पिंपरीला गेलो. या वेळी काचपट्टी जवळजवळ स्वच्छ होती. बाईंना समाधान वाटले, मलाही वाटले. घरी येऊन मी सरड्यासमोर एक रातकिडा सोडला. त्याने पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि डोळा मिटला.

मुलीने त्या संध्याकाळी व्हिडिओवर त्याला पाहिले, शेपटी जवळून दाखवायला लावली. मग म्हणाली की तिची एक मैत्रीण माण गावात राहते, शेजारच्या हिंजवडीला नोकरी करते, तिच्याकडे असे सरडे आहेत आणि असा आजारी सरडा तिने पूर्वी सांभाळला आहे. “बाबा, येत्या रविवारी ती गाडी घेऊन येईल. तुम्हाला दोघांना आता त्रास नको.”

हा प्रस्ताव शहाणपणाचा होता. मी तसे म्हणणारच होतो. तेवढ्यात पत्नीने फोन माझ्या हातातून घेतला.

“माणला काय मोठं इस्पितळ हाय का?”

“आई, तूच रोज म्हणतेस ना, ने एकदाचं.”

“म्हणते. धडधाकट असताना म्हणते. आजारी पाव्हणं कोणी घराबाहेर काढतं का?”

मुलगी हसली नाही. तिने सांगितले की रविवारपर्यंत तो आपण होऊन खाऊ लागला तर राहू दे, नाहीतर मैत्रीण नेईल. पत्नीने फोन ठेवला आणि पेटीसमोर जाऊन उभी राहिली. सरड्याने पाय उचलला, पण फिरवला नाही, परत खाली ठेवला.

इथे माझ्या गुरुवारबद्दल सांगायला हवे. पुण्यात सुट्टी रविवारी असते, आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारी. त्या दिवशी चाकणच्या चौकात ट्रक कमी आणि लेकराबाळांना घेऊन निघालेल्या मोटारसायकली जास्त. निवृत्त झाल्यापासून गुरुवारी सकाळी मी शिकाऊ कामगारांचा एक वर्ग घेतो. मोजमाप शिकवतो, म्हणजे व्हर्नियर कॅलिपर कसा धरावा, शून्याची चूक कशी ओळखावी, एकाच वस्तूचे माप वेगवेगळ्या जागी का घ्यावे. वर्ग संपला की मुले शंका घेऊन थांबतात, चहा होतो, आणि घरी यायला मला संध्याकाळ होते.

रविवारच्या आधीचा जो गुरुवार आला, त्या दिवशी वर्ग भरलाच नाही. कुठल्यातरी मोठ्या ऑर्डरमुळे बहुतेक मुलांना सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावले होते. मी उलटपावली परतलो. घरात देवघरातला बल्ब लागलेला होता, बैठकीतला दूरचित्रवाणीसंच मंद आवाजात भजन लावून बसला होता. मागच्या खोलीत गेलो, तर तिथे पेटीच नव्हती. म्हणजे पेटी होती, पण तिच्या जागी तपकिरी रंगाचा एक उंचवटा दिसत होता. पत्नीची थंडीतली लोकरीची शाल, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

मी शाल उचलली. दिवा बंद होता. सरडा दगडावर पोट टेकून, मान खाली घालून बसला होता आणि त्याची दाढी काळी होती.

पत्नी पोथी वाचत होती ती उठून आली.

“पांघरूण घातलंय मी,” ती म्हणाली. “लाइट न्हाई, त्याला गारठा लागंल.”

“वीज आहे की. बल्ब लागलाय.”

“तो इन्व्हर्टरवर. ह्या भिंतीच्या बटणाला इन्व्हर्टर कुठं जोडलाय? तुम्हीच दिवा हिथं लावला, मोठं बटण हाय म्हणून.”

हे खरे होते. मी विचारले, असे केव्हापासून होते आहे.

“दर गुरुवारी. सकाळी जाते ती तुम्ही यायच्या जरा आधी येते. कंपन्या बंद असतात म्हणून वीजवाले गुरुवारीच दुरुस्ती काढतात. सगळ्या चाकणला ठाऊक हाय.” आणि वर, “तुम्ही गुरुवारी लोकांच्या पोरांना मोजायला शिकवता ना.”

त्या बोलण्यातला टोमणा मी नंतर मोजला. त्या क्षणी मी तापमापक वाचत होतो. दगडावर, जिथे मला रोज अडतीस-चाळीस दिसे, तिथे एकवीस होते. सकाळ आणि संध्याकाळ इतके नेमाने वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांखालून गुरुवारची दुपार कधी गेलीच नव्हती.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसू लागली, आणि तो आनंद मी लपवू शकलो नाही. सरड्याचे रक्त स्वतः तापत नाही. त्याने गिळलेले अन्न पचायचे तर बाहेरून ऊब लागते. ती नसेल तर अन्न पोटात तसेच पडून राहते, आंबते. आणि आम्ही काय करत होतो? आठवड्यातले सर्वांत जड जेवण बुधवारी संध्याकाळी देत होतो. त्यावर डिसेंबरची रात्र, आणि त्यावर विनादिव्याचा अख्खा गुरुवार. उन्हाळ्यातही वीज जात होती, बुधवारचे जेवणही दुप्पटच होते. पण तेव्हा आमची मागची खोलीच भट्टीसारखी तापलेली असे, म्हणून काही बिघडले नाही. थंडी आली आणि हिशेब उलटला. आंबलेल्या पोटात जंतांचे फावले असणार. औषधाने जंत गेले, पण पुढचा बुधवार आणि पुढचा गुरुवार होतेच.

हे सगळे मी पत्नीला ओळीने सांगितले. शाल हातातच होती, म्हणून शालीचाही धडा दिला. शाल ऊब देत नाही, असलेली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या अंगात चूल पेटलेली असते म्हणून आपल्याला शाल उबदार वाटते. ज्याच्या अंगात चूल नाही त्याच्यावर शाल घातली तर तो गार तो गारच राहतो, उलट दुपारची खोलीतली ऊबही त्याच्यापर्यंत पोचत नाही. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतात ती याच तत्त्वावर.

पत्नीने शाल माझ्या हातातून घेतली आणि तिची घडी घालू लागली. घडी नीट होईना.

“म्हणजे मी त्याला बर्फासारखं जपलं,” ती म्हणाली.

धडा बर्फाच्या उदाहरणाआधी संपवायला हवा होता. मी म्हणालो की बुधवारचे दुप्पट जेवण माझ्या हिशेबातले होते, आणि दिवा चुकीच्या बटणाला मीच लावला होता. बैठकीतल्या, इन्व्हर्टर जोडलेल्या बटणापासून मागच्या खोलीपर्यंत जाईल एवढी लांब वायर आपल्याकडे आहे का, असे तिने विचारले. वायर होती. दिवा लागला तेव्हा सरड्याने पोट दगडाला चिकटवून अंग चपटे केले, जास्तीत जास्त ऊब पाठीवर घेता यावी असे, आणि दाढीचा काळा रंग हळूहळू उतरू लागला.

पशुवैद्य बाईंना मी फोनवर हे कळवले. त्या म्हणाल्या की हे एकच कारण असेल असे त्या छातीठोकपणे सांगणार नाहीत, पण बसते आहे खरे. पोट मोकळे होईपर्यंत जबरदस्तीने काही भरवू नका, कोमट पाण्यात बसवा, दिवा अखंड दिवसभर राहू द्या. मला त्यांचा हा सावधपणा आवडला. एक धागा जुळला म्हणून सगळे वस्त्र विणले गेले असे होत नाही, आणि रविवार अजून यायचा होता.

शनिवारी पाटीत बसल्या बसल्या त्याचे पोट साफ झाले. रविवारी सकाळी पत्नीने त्याच्यासमोर जास्वंदीचे फूल ठेवले. त्याने पाहिले, पण खाल्ले नाही. डोळा मात्र मिटला नाही.

माणची मैत्रीण दुपारी आली. हवेसाठी भोके पाडलेला एक खोका, गरम पाण्याची पिशवी, टॉवेल, अशी तिची सगळी तयारी चोख होती. ती शहाणी मुलगी होती आणि तिने सरड्याला मान, पोट, शेपूट अशा क्रमाने पाहिले ते मला पसंत पडले. पत्नीने आधी चहा घे म्हटले. चहा झाल्यावर पोहे घे म्हटले. पोह्यांनंतर मैत्रीण म्हणाली, “काकू, आता निघायला हवं, चाकणच्या चौकात ट्रॅफिक लागेल.”

“जा की,” पत्नी म्हणाली. “एवढं एक बघते आणि मग जा.”

ती गॅलरीत गेली. रातकिड्यांच्या डब्याचे झाकण तिने आजवर कधी उघडले नव्हते. मी उठू लागलो तसे तिने नजरेनेच मला बसवले. लांब चिमट्यात एक रातकिडा धरून, हात शक्य तितका अंगापासून दूर ठेवून ती आली. वाटेत स्वयंपाकघराचा उंबरा लागतो, तो तिने पलीकडच्या भिंतीला अंग घासत जाऊन टाळला. पेटीचे दार सरकवले आणि चिमटा आत धरला. रातकिडा चिमट्यात वळवळत होता.

सरड्याने मान उचलली. डोके एका बाजूला कलते केले. मी त्याचा डोळा पाहत होतो. मग त्याची जीभ बाहेर आली, आखूड, गुलाबी, आणि ओलसर, कुरकुरीत आवाज झाला. चिमटा रिकामा होता. पत्नी दचकून मागे सरली आणि मैत्रिणीच्या खोक्यावर बसली. खोका चेपला.

“अजून एक देते,” ती बसल्या जागेवरून म्हणाली.

मैत्रिणीने खोका परत मागितला नाही. जर्मनीला तिनेच फोन लावला. तिकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, कारण पत्नी तोवर परत गॅलरीत गेली होती आणि डब्यातला पळालेला एक रातकिडा शोधायला मला हाका मारत होती.

आता किड्यांचे जेवण शुक्रवारी सकाळपासून मंगळवारपर्यंत असते. बुधवारी हलका पाला, गुरुवारी फूल. पत्नीचा गुरुवार जसाच्या तसा राहिला.

त्यानंतरच्या गुरुवारी वर्ग भरला होता. एकाच दंडगोलाचा व्यास तीन ठिकाणी का मोजायचा हे मी फळ्यावर काढून दाखवत होतो, एवढ्यात फोन वाजला. वर्गात मी फोन घेत नाही. तो घेतला.

“लाइट गेलीय,” पत्नी म्हणाली. “दिवा चालू हाय. दगडावर अडतीस.”

मी विचारले, अडतीसच्या पुढे दशांश किती.

“ते मला दिसत न्हाई. चष्मा देवघरात हाय, आणि पाव्हणं मांडीवर हाय.”